निविदेतल्या एका ओळीने मानक लागू होत नाही

पालिकेची, सहकारी संस्थेची किंवा एखाद्या सरकारी खात्याची संगणक प्रणालीसाठीची निविदा उघडा. बहुतेक वेळा तीत एक वाक्य असते : ‘प्रणाली सर्व संबंधित राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय मानकांनुसार असावी.’ वाक्य भारदस्त आहे, पण त्यावरून ठेकेदाराला काय बांधायचे ते कळत नाही आणि खात्याला काय तपासायचे तेही कळत नाही. कोणते मानक, त्याची कोणती आवृत्ती, त्यातला कोणता भाग, तपासणार कोण आणि कशाने, नापास झाल्यास पुढे काय, या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर आली की मगच मानक स्वीकारायला सुरुवात झाली असे म्हणता येते. ती उत्तरे कशी काढायची आणि काम नेमके कुठे अडते, हे गोव्यातल्या ओळखीच्या उदाहरणांवरून पाहू.

तांत्रिक मानक म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्या पक्षांसाठी आधीच लिहून ठेवलेला करार. तारीख कोणत्या क्रमाने लिहायची, अक्षर साठवताना कोणता आकडा वापरायचा, बसथांब्याची जागा कशी नोंदवायची, हे त्यात ठरलेले असते. पणजीतल्या प्रणालीने पाठवलेली माहिती दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या राज्यातल्या प्रणालीला कोणी फोन न करता समजावी, एवढाच त्याचा हेतू. म्हणून मानकाची गरज प्रणालीच्या पोटात कमी आणि माहिती जिथून आत-बाहेर जाते तिथे सर्वांत जास्त असते. ‘सगळ्या प्रकल्पाला सगळी मानके’ लावायला गेलेल्या संस्था थकतात आणि शेवटी एकही नीट लावत नाहीत.

आधी सीमा शोधा

एका मोठ्या कागदावर प्रणाली मध्ये काढा आणि माहिती जिथे जिथे आत येते किंवा बाहेर जाते ती प्रत्येक जागा लिहा. पालिकेच्या घरपट्टी प्रणालीचे घ्या. यूपीआयने भरलेले पैसे आत येतात, एसएमएस बाहेर जातो, पावती छापली जाते, थकबाकीची यादी लेखा विभागाकडे जाते, संकेतस्थळावर नागरिक स्वतःची रक्कम पाहतो, जुन्या प्रणालीतली नोंद एकदाच आत येते, आणि ठेका संपला की सगळी माहिती नव्या ठेकेदाराकडे जाते. ही शेवटची सीमा यादीत लिहायची हमखास राहते. प्रत्येक जागेपुढे चार गोष्टी लिहा : काय ओलांडते, पलीकडे कोण आहे, किती वेळा ओलांडते, आणि चुकले तर त्रास कोणाला होतो. मध्यम आकाराच्या प्रणालीत अशा दहा-पंधरा ओळी होतात. दोन जाणकार आणि खिडकीवर बसणारा एक कर्मचारी मिळून हे काम दोन दिवसांत करू शकतात. खिडकीवरचा माणूस हवाच, कारण ‘ती यादी आम्ही अजून पेनड्राइव्हवर देतो’ हे फक्त त्यालाच माहीत असते.

मग प्रत्येक ओळीपुढे मानक लिहा आणि त्यामागे कोणता जोर आहे तेही लिहा. काही मानके कायद्याने येतात. काही सरकारी धोरणाने येतात. काहींना पर्याय नसतो, कारण पलीकडचे सगळे तेच वापरतात. यूपीआयचा क्यूआर कोड हे त्याचे उदाहरण, तिथे आपले वेगळे रूप काढायला जागाच नाही. आणि काही पूर्ण ऐच्छिक असतात. जोर कोणता यावर संस्थेच्या हातात काय उरते ते ठरते. कायद्याच्या मानकात फक्त ‘कसे आणि केव्हा’ ठरवायचे असते, ऐच्छिक मानकात ‘कशासाठी’ हे आधी पटवावे लागते.

कायद्याच्या जोराचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे जीएसटीचे ई-इन्व्हॉइस. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना दुसऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला दिलेले बिल ठरलेल्या जेसन रचनेत (माहिती मजकूर म्हणून लिहिण्याची एक पद्धत) नोंदणी पोर्टलवर पाठवावे लागते. पोर्टल ६४ अक्षरांचा क्रमांक आणि सही केलेला क्यूआर कोड परत देते. रचनेतले नियम बारीक आहेत. बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा, आणि तो शून्याने, तिरप्या रेघेने किंवा आडव्या रेघेने सुरू होता कामा नये. म्हापशातल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचे सॉफ्टवेअर दर एप्रिलला ०००१ पासून क्रमांक देत असेल, तर नव्या वर्षाचे पहिलेच बिल पोर्टल परत पाठवते. तारीख दिवस/महिना/वर्ष अशीच लागते. आयएसओ ८६०१ हे तारखेचे आंतरराष्ट्रीय मानक मात्र वर्ष-महिना-दिवस असा क्रम सांगते. मग कोणते पाळायचे? दोन्ही. आपल्या डेटाबेसमध्ये वर्ष-महिना-दिवस ठेवा, कारण त्याने क्रमवारी आणि तुलना बिनचूक होते. सीमा ओलांडताना पलीकडच्या करारानुसार रूप बदला. हे रूपांतर एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये असावे. सहा पडद्यांवर सहा जणांनी आपापल्या परीने केले की ३ एप्रिलचा ४ मार्च होतो.

वेळेचेही तसेच. सर्व्हरचे घड्याळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेवर असते, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. कळंगुटच्या हॉटेलात १ एप्रिलच्या पहाटे एक वाजता केलेले बिल वेळेचा विभाग न नोंदवता साठवले, तर ते ३१ मार्चचे, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षाचे होते. ई-इन्व्हॉइसचा ६४ अक्षरी क्रमांक ज्या गोष्टींवरून बनतो त्यांत आर्थिक वर्षही आहे, त्यामुळे ही चूक नुसती छपाईची राहत नाही. साठवताना वेळेबरोबर तिचा विभागही साठवणे हा उपाय. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली ठेवणे, लॉग (प्रणालीत केव्हा काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपणे आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. घड्याळे जुळलेली नसतील तर दोन सर्व्हरवरचे लॉग एकमेकांशी लावताच येत नाहीत.

नावे आणि गावे : युनिकोड

गोव्यात हा विषय इतर अनेक राज्यांपेक्षा गुंतागुंतीचा आहे. एकाच कार्यालयात कोकणी, मराठी आणि इंग्रजी कागद असतात. कोकणी देवनागरीतही असते आणि रोमीतही, म्हणजे रोमन लिपीतही. पणजी, म्हापसा, मडगाव यांची स्पेलिंगे दोन-तीन प्रकारांनी रूढ आहेत. त्यात जुने कागद युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक चिन्हाला जगभर एकच आकडा देणारे मानक रूढ होण्याआधीच्या, फाँटमध्ये टंकलेले.

त्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाँट असेल तर मराठी दिसते, नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांना एक मूलभूत अडचण असते : जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, रफाराचे नेमके उलट. जोडाक्षरांत हा क्रम बिघडतो. म्हणून रूपांतर झाल्यावर निदान नावांचा स्तंभ तरी माणसाने वाचलाच पाहिजे. दहा हजार नोंदींच्या यादीत वेगवेगळी नावे त्याहून खूप कमी असतात. एकसारखी नावे एकत्र करून फक्त वेगळी तेवढी वाचली की काम आवाक्यात येते.

युनिकोड आले म्हणून सगळे सुटत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन तेच अक्षर बनवत, आणि काही कळफलक अजूनही तसेच बनवतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसते, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची प्रक्रिया ते एक करत नाही. ‘ॲग्नेलो’ शोधला तर अर्ध्या नोंदी सापडणार नाहीत. ‘कऱ्हाडे’मधला अर्धा र असाच दोन प्रकारे साठवला जातो : एकदा टिंबवाला ऱ आणि हलन्त, एकदा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. घर क्रमांक कोणी देवनागरी अंकांत लिहितो, कोणी इंग्रजी अंकांत. तेही संगणकाला वेगळे. त्यामुळे ‘प्रणाली युनिकोडमध्ये असावी’ एवढे लिहून पुरत नाही. कोणते रूप साठवायचे, टंकलेले दुसरे रूप साठवण्यापूर्वी कसे बदलायचे आणि शोधताना दोन्ही रूपे कशी जुळवायची, हे एका पानात लिहून ते पान निविदेला जोडावे लागते.

लांबीचा हिशोबही आधीच करावा. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (साठवणुकीची एकके) लागतात, आणि काना, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे आहेत. ‘सांताक्रुझ’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, साठवताना दहा चिन्हे म्हणजे ३० बाइट होतात. ‘धारबांदोडा’चेही तितकेच. गावाच्या नावाला २० बाइटची जागा ठेवणाऱ्या जुन्या प्रणालीत ही नावे अर्ध्यावर तुटतात, आणि तुटताना शेवटचे चिन्ह अर्धे कापले गेले तर त्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. एसएमएसचे गणितही असेच : साध्या रोमन मजकुरात एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. घरपट्टीचा मराठी संदेश २०० चिन्हांपर्यंत गेला की एका नागरिकामागे तीन संदेशांचे पैसे लागतात. अंदाजपत्रक रोमन अक्षरांवर बेतलेले असेल तर वर्षाच्या मध्यात कोणीतरी ‘संदेश इंग्रजीतच पाठवा’ असा निर्णय घेते. मराठी-कोकणीतली सेवा अशा हिशोबाच्या चुकीमुळे बंद पडू नये, असे आम्हांला मनापासून वाटते.

गावांच्या नावांवर तोडगा सरळ आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेत प्रत्येक तालुक्याला, गावाला आणि पंचायतीला क्रमांक दिलेला आहे. तो क्रमांक साठवा आणि नाव फक्त दाखवण्यासाठी वापरा. भाषेचेही कोड आहेत, पण कोकणीसाठी नुसता भाषेचा कोड पुरत नाही, लिपीचा कोड सोबत लागतो. तो नसेल तर दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर रोमी कोकणी इंग्रजीच्या उच्चाराने वाचू लागते.

एक मानक पूर्ण वापरून पाहू : बस आणि फेरीबोट

ऐच्छिक मानक कसे स्वीकारायचे याला सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकाचे जीटीएफएस हे चांगले उदाहरण आहे. अमेरिकेत पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने गूगलबरोबर ते सुरू केले. आता ते जगभर वापरले जाते, मोफत आहे, आणि साध्या मजकूर-फाइलींचे आहे. संस्था, थांबे, मार्ग, फेऱ्या, थांब्यावरच्या वेळा आणि दिनदर्शिका अशा मोजक्या फाइली, स्वल्पविरामाने विभागलेल्या, एका झिपमध्ये. गोव्यात कदंब या सरकारी महामंडळाच्या बस, खाजगी बस आणि फेरीबोटी असे तिन्ही एकाच प्रवासात येऊ शकते. चोडणहून निघालेला माणूस रायबंदरला उतरून पणजीची बस धरतो. दोन खात्यांची वेळापत्रके एकाच रचनेत असली तरच त्याला एका ठिकाणी उत्तर मिळेल.

काम थांब्यांपासून सुरू करा, मार्गांपासून नको. प्रत्येक थांब्याला क्रमांक, नाव, अक्षांश आणि रेखांश. रस्त्याच्या दोन बाजूंचे दोन थांबे वेगळे नोंदवा. एकच नोंदवला तर मडगावला जाणारा प्रवासी पणजीच्या बाजूला उभा राहतो. मोठ्या बसस्थानकाला एक मुख्य नोंद आणि तिच्याखाली प्रत्येक फलाटाची नोंद करता येते. अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत घ्या, म्हणजे साधारण एक मीटरची अचूकता मिळते. तीनच घेतले तर चूक शंभर मीटरपर्यंत जाते. गोव्याचे अक्षांश १५च्या आसपास आणि रेखांश ७३-७४. हे दोन स्तंभ उलटे भरणे ही सर्वांत सामान्य चूक, आणि ती झाली की थांबा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. थांब्याचा क्रमांक एकदा दिला की बदलू नये. नाव बदलले, थांबा दहा मीटर सरकला, तरी क्रमांक तोच. दर महिन्याला नव्याने क्रमांक पाडणारी प्रणाली तपासणीत उत्तीर्ण होते, पण त्या क्रमांकांवर अवलंबून असलेले प्रत्येक ॲप मोडते.

नंतर मार्ग. मार्गाचा प्रकार आकड्याने सांगायचा असतो : बससाठी ३, फेरीसाठी ४. मग फेऱ्या आणि वेळा. पहिल्या आणि शेवटच्या थांब्याची वेळ द्यावीच लागते, मधल्या थांब्यांची मोकळी ठेवता येते किंवा ‘अंदाजे’ अशी खूण करता येते. गोव्यातल्या खाजगी बससाठी हे मोलाचे आहे. खोट्या अचूकतेने ‘८.१७’ लिहिण्यापेक्षा ‘अंदाजे’ची खूण प्रवाशाला जास्त उपयोगी पडते. वाटेत हात दाखवला की थांबणाऱ्या बससाठीही मानकात वेगळे रकाने आहेत. ‘आमच्याकडच्या बस या मानकात बसत नाहीत’ असे ठरवण्याआधी ते वाचावेत. मध्यरात्रीनंतर संपणारी फेरी त्याच दिवसाची धरायची असेल तर वेळ २४ च्या पुढे लिहितात; रात्री एक दहाला पोचणाऱ्या बसची वेळ २५:१०:००. हे चुकलेले वाटून कोणी ‘दुरुस्त’ करून ०१:१०:०० केले की बस सुटण्याआधीच पोचते.

फेरीबोटीला प्रत्येक फेरीची वेळ लिहायची गरज नाही. सकाळी अमुक ते रात्री तमुक, दर इतक्या सेकंदांनी, असे वारंवारितेच्या फाइलीत लिहिता येते. दर वीस मिनिटांची फेरी म्हणजे १२००. ही वेळ काटेकोर नाही हेही त्याच फाइलीत सांगता येते.

दिनदर्शिकेत सर्वांत जास्त चुका होतात. रविवारचे वेगळे, शाळांच्या सुट्टीतले वेगळे, पावसाळ्यातले वेगळे, आणि अपवादाचे दिवस. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला जादा बस सुटतात, चतुर्थीला अनेक मार्गांवर बस कमी होतात. अपवादाच्या फाइलीत तारखेपुढे १ म्हणजे त्या दिवशी सेवा जोडली, २ म्हणजे काढली. चतुर्थीची तारीख दर वर्षी बदलते, त्यामुळे ही फाइल दर वर्षी नव्याने भरणारा माणूस नावानिशी ठरलेला असला पाहिजे. भाषांतराची फाइल वेगळी असते. एकाच थांब्याचे मराठी, कोकणी आणि इंग्रजी नाव तीत देता येते.

या फाइली एक्सेलमध्ये थेट उघडून जतन करू नयेत. एक्सेल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये काढते, तारखांचे रूप बदलते, आणि देवनागरी नावांचा चिखल करू शकते. माहिती भरायला हवा तो तक्ता वापरा, पण अंतिम फाइली एका छोट्या प्रोग्रामने तयार करा. नंतर मोफत मिळणाऱ्या अधिकृत तपासणी साधनातून संच काढा. ते त्रुटी आणि इशारे वेगळे दाखवते. त्रुटी शून्यावर आणायच्याच. इशारे एकेक वाचायचे. ‘या दोन थांब्यांमध्ये बस अशक्य वेगाने धावते’ हा इशारा बहुतेक वेळा चुकीच्या रेखांशामुळे येतो. साधन रचना तपासते, खरेपणा तपासत नाही. म्हणून निदान पाच मार्गांवर कागद घेऊन प्रत्यक्ष बसने जाणे हा चाचणीचा भाग असायला हवा.

पहिल्या खेपेला सगळा गोवा घेऊ नका. एक बसमार्ग आणि एक फेरी, सर्व अपवादांसह पूर्ण करा. अडचणी सगळ्या त्यातच कळतात, आणि चूक सुधारायला शेकडो नोंदी पुन्हा कराव्या लागत नाहीत.

आवृत्ती आणि प्रोफाइल

दोन प्रणाली एकाच मानकाच्या असूनही एकमेकींशी बोलत नाहीत, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारण बहुधा दोनांपैकी एक असते. एक, आवृत्ती वेगळी. दुसरे, मानकात अनेक रकाने ऐच्छिक असतात आणि दोघांनी वेगवेगळे निवडलेले असतात. त्यासाठी प्रोफाइल लागते : या मानकातले आपल्या कामासाठी सक्तीचे काय, वर्ज्य काय, आणि कोणत्या कोड-याद्या वापरायच्या, याची लेखी निवड. आरोग्याच्या क्षेत्रात याचे ठळक उदाहरण दिसते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आरोग्य नोंदी फायर (एफएचआयआर) या आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकाच्या आर४ आवृत्तीवर आधारलेल्या भारतीय प्रोफाइलने पाठवल्या जातात. २०२३ मध्ये आर५ प्रसिद्ध झाली. एखाद्या रुग्णालयाच्या विक्रेत्याने ‘आम्ही सर्वांत नवी आवृत्ती देतो’ म्हटले तर ते ऐकायला चांगले, पण पलीकडचा आर४ बोलतो. सर्वांत नवी आवृत्ती नको, पलीकडच्याशी जुळणारी हवी.

प्रोफाइल लिहिताना तीनच पातळ्या वापरा : ‘असलेच पाहिजे’, ‘असावे’, ‘चालेल’. इंटरनेटच्या मानकांत १९९७ पासून या पातळ्यांचे अर्थ लेखी ठरलेले आहेत. ‘शक्यतो’, ‘योग्य त्या प्रमाणात’ असे शब्द आले की वाद सुरू होतो. आणि ‘असलेच पाहिजे’ अशा प्रत्येक ओळीपुढे ती कशी तपासणार ते लिहा. तपासता न येणारी ओळ सक्तीची करू नका.

खुल्या मानकांचा आग्रहही इथेच धरायचा. सरकारच्या २०१० च्या ई-प्रशासनातील खुल्या मानकांच्या धोरणानुसार मानक वापरण्यासाठी लागणारे पेटंट हक्क रॉयल्टीशिवाय मिळायला हवेत. ‘आमचे स्वतःचे मानक आहे’ असे विक्रेता म्हणतो तेव्हा त्याचा पूर्ण दस्तऐवज मागा, आणि तो तिसऱ्या पक्षाला देता येईल का ते विचारा.

निविदेत काय लिहायचे

वरच्या वाहतुकीच्या उदाहरणासाठी कलम असे लिहिता येईल : ‘ठेकेदाराने थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा व दिनदर्शिका यांचा संपूर्ण संच दर सोमवारी सकाळी १० पर्यंत ठरलेल्या पत्त्यावर ठेवावा. संच त्या दिवसापासून किमान ३० दिवस वैध असावा. अधिकृत तपासणी साधनात त्रुटी शून्य असाव्यात. थांब्यांचे क्रमांक मागील संचाशी जुळावेत. बदललेल्या प्रत्येक क्रमांकाचे कारण लेखी द्यावे.’ या पाच वाक्यांतले प्रत्येक खात्यातला कोणीही कर्मचारी दहा मिनिटांत तपासू शकतो. बिलाचा ठरावीक हिस्सा या तपासणीला जोडा. प्रकल्प संपताना एकदाच तपासण्यापेक्षा प्रत्येक हप्त्याला तपासलेले बरे, कारण शेवटी सापडलेली चूक दुरुस्त करायला ना वेळ उरतो ना पैसे.

चाचणीसाठी आपला नमुना-संच आपणच तयार करावा, विक्रेत्याचा घेऊ नये. वीस चांगल्या नोंदी आणि वीस मुद्दाम अवघड : आडनाव नसलेली व्यक्ती, २९ फेब्रुवारीचा जन्म, दोन्ही प्रकारे टंकलेला ‘ॲ’, पोटक्रमांक असलेले घर, १ एप्रिलच्या पहाटेचे बिल, तीस बाइटचे गाव. अवघड नोंदी प्रणालीने कशा नाकारल्या तेही पाहा. ‘त्रुटी क्रमांक ५००’ असा संदेश खिडकीवरच्या माणसाच्या काही कामाचा नाही.

प्रमाणपत्रे वाचताना एक सवय ठेवा : व्याप्ती आणि आवृत्ती. माहिती-सुरक्षेच्या आयएसओ २७००१ चे प्रमाणपत्र कंपनीच्या एका कार्यालयापुरते असू शकते, आणि आपली माहिती दुसऱ्याच डेटा केंद्रात असू शकते. २०१३ च्या आवृत्तीवरून २०२२ च्या आवृत्तीकडे जाण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्या मानकाच्या जोडपत्रातली नियंत्रणे, म्हणजे सुरक्षेचे उपाय, ११४ वरून ९३ झाली, त्यांतली कोणती लागू केली याचे विधान कंपनीकडे असते. प्रमाणपत्राबरोबर ते मागा.

संकेतस्थळांच्या सुगम्यतेबाबत, म्हणजे ती अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत यासाठी, सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे आणि आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. त्यांच्या मागे असलेल्या जागतिक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. स्वयंचलित साधने काही त्रुटीच पकडतात. माउस बाजूला ठेवून फक्त कळफलकाने अर्ज भरून पाहा, आणि पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर एकदा ऐका. स्कॅन केलेले परिपत्रक पीडीएफ म्हणून चढवले की दृष्टिहीन नागरिकासाठी ते कोरे पान असते. हे टाळायला एकही जादा रुपया लागत नाही : मूळ मजकुराची फाइल जतन करून तीच चढवायची.

खिडकीवर काय होते

मानक लागू झाले की कोणाचे तरी काम वाढते, आणि ते बहुधा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचे असते. सक्तीचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नसेल आणि समोर रांग असेल, तर तो पूर्णविराम टाकतो किंवा जन्मतारीख १ जानेवारी लिहितो. सहा महिन्यांनी माहिती पाहिली की १ जानेवारीला जन्मलेल्यांची संख्या भलतीच फुगलेली दिसते. दोष कर्मचाऱ्याचा नाही. ‘माहीत नाही’ हा पर्याय रचनेत ठेवला नव्हता. तो ठेवा, आणि किती वेळा वापरला जातो ते दर महिन्याला मोजा. गावाचे नाव टंकण्याऐवजी पहिली दोन अक्षरे लिहून यादीतून निवडता आले, तर मानक पाळणे हेच सर्वांत कमी कष्टाचे होते. प्रशिक्षणाच्या तीन सत्रांनी जे होत नाही ते अशा एका यादीने होते.

सवलतीही द्याव्या लागतात. एखादी जुनी यंत्रणा नवे मानक बोलूच शकत नाही, तिच्यासाठी मध्ये रूपांतरक बसवावा लागतो. अशी प्रत्येक सवलत एका नोंदवहीत लिहा : कोणते कलम, का, कोणी मंजूर केले, आणि कोणत्या तारखेला संपणार. शेवटची तारीख नसलेली सवलत मंजूर करू नका.

मानकाची देखभाल एका माणसाच्या नावावर असावी. नव्या आवृत्तीची सूचना वाचणे, पलीकडचे पक्ष कधी बदलणार ते विचारणे, जुनी आणि नवी आवृत्ती काही काळ शेजारी चालवणे, हे त्याचे काम. छोट्या संस्थेत यासाठी पूर्ण पद लागत नाही, महिन्याचे दोन दिवस पुरतात. पण ते दोन दिवस त्याच्या कामाच्या यादीत लिहिलेले हवेत, नाहीतर तो माणूस बदलून गेला की ज्ञानही जाते.

उरली ती सुरुवातीच्या यादीतली शेवटची सीमा, ठेका संपतानाची. तिची चाचणी पहिल्याच वर्षी घ्या. ठेकेदाराकडून सगळ्या नोंदींचा संच ठरलेल्या मानक रूपात मागवा आणि तो दुसऱ्या संगणकावर, ठेकेदाराच्या मदतीशिवाय, उघडून पाहा. नोंदींची संख्या जुळते का, अंतर्गत क्रमांक सोबत आले का, ‘प्रकार ७’ म्हणजे काय हे सांगणाऱ्या कोड-याद्या दिल्या का, जोडलेली कागदपत्रे योग्य नोंदीशी जोडलेली आहेत का, आणि बदलांचा इतिहास आला का, हे तपासा. कोड-याद्या आणि जोडलेली कागदपत्रे या दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिल्या वर्षी त्या मागितल्या तर आठवड्याभरात मिळतात. ठेका संपल्यानंतर मागितल्या तर त्यांचे वेगळे दरपत्रक येते.